टाचणवहीची दोनशे वर्षे : पाठ कोण आखतो आणि वाचलेला वेळ कोणाला मिळतो?

#थ्रेड

१/२५
अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर ही औद्योगिक वसाहत आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यातल्या शाळांत अशा वसाहतींमध्ये राबणाऱ्या कामगारांची मुले शिकतात. त्यांना उद्या 'नदी' हा घटक कसा शिकवायचा, हे शिक्षकाने आदल्या दिवशी वहीत लिहायचे असते. शाळेच्या बोलीत त्या लिखाणाला 'टाचण' म्हणतात. आता मोबाइलवर इयत्ता, विषय, घटक आणि तासिकेची मिनिटे मराठीत टाकली, की कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मिनिटभरात संपूर्ण टाचण तयार करून देते.

२/२५
यंत्राला टाचण लिहिता येते, हे आता सिद्धच झाले आहे. त्याहून जुना प्रश्न मात्र जागच्या जागी आहे : टाचण लिहायचे कोणासाठी? मुलांसाठी, शिक्षकाच्या स्वतःच्या विचारासाठी, की शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी? महाराष्ट्रात या प्रश्नाला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात शिक्षकाचे श्रम वाचवू पाहणारी अनेक साधने आणि पद्धती आल्या. त्या प्रत्येक वेळी वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे तपासले तर आजच्या यंत्राविषयी बरेच काही कळते.

३/२५
आधी शब्द पाहू. टाचणे म्हणजे कच्चे टाके घालून दोन गोष्टी तात्पुरत्या जोडणे. कागद जोडायची ती टाचणी. 'टिपण-टाचण' या जोडशब्दातही हाच अर्थ आहे : पक्के लिखाण होण्यापूर्वीची कच्ची नोंद. म्हणजे टाचण मुळात शिक्षकाने स्वतःसाठी केलेली, गरज पडल्यास उसवता येईल अशी जोडणी. प्रत्यक्षात मात्र वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि दैनिक टाचण अशी कागदांची उतरंड तयार झाली. तिच्यात उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, अध्ययन अनुभव, मूल्यमापन असे रकाने आखले गेले आणि तळाशी मुख्याध्यापकांच्या सहीची जागा ठरली. कच्च्या टाक्याची पक्की शिवण झाली. ती कशी झाली, ती ही गोष्ट.

४/२५
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखातल्या पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते आणि लेखी नियोजनही नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, परवचा म्हणायचा, पूर्णांकांपासून पावकी-निमकीपर्यंतचे पाढे पाठ करायचे, मग मोडी वाचन आणि हिशेब. सर्व मुले एका इयत्तेत नसत. जो जिथवर पोहोचला असेल तिथून पुढे जाई. पुढची मुले मागच्यांना सांगत. पाठाचा आराखडा पंतोजींच्या स्मरणात असे. या पद्धतीत छडीचा मार होता, घोकंपट्टी होती आणि जातीची दारे घट्ट बंद होती. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण कोणत्या मुलाला आज काय सांगायचे, हा निर्णय वर्गातच होत असे, एवढे नोंदवायला हवे.

५/२५
याच सुमारास एक विलक्षण प्रवास घडला. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या लष्करी शाळेवर अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक देखरेख करीत होता. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवायचे ही पद्धत आपल्या शाळेत बसवली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याने या प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. तिकडे जोसेफ लँकेस्टरनेही असाच नमुना उभा केला. एक शिक्षक आणि शेकडो मुले, असा त्याचा हिशेब होता. औद्योगिक क्रांतीच्या इंग्लंडला तो स्वस्त वाटला आणि मानवला.

६/२५
मग हीच पद्धत साहेबी पोशाख घालून हिंदुस्थानात परतली. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. तिने लँकेस्टरच्या पद्धतीचा पुरस्कार केला. फरक इतकाच, की देशी शाळेत जी सोय होती तिची आता कवायत झाली होती : ठरलेली तुकडी, ठरलेला इशारा, ठरलेला क्रम. शिक्षकाचे श्रम वाचवणारे हे पहिले 'आयात' तंत्र. वाचलेल्या श्रमांतून शिक्षकाला सवड मिळाली नाही; त्याच्या पुढ्यातली मुले तेवढी वाढली.

७/२५
माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मराठी छापील शालेय पुस्तकांचे काम वेगाने सुरू झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके मराठीत आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या पद्धतीत शिक्षक तयार करून त्यांना दख्खन आणि कोकणातल्या शाळांवर पाठवण्याचीही व्यवस्था झाली. रत्नागिरीतल्या आणि पुण्यातल्या मुलाच्या हाती एकच पान येऊ शकेल, ही गोष्ट क्रांतिकारक होती. ज्ञान पंतोजींच्या स्मरणातून बाहेर पडले. त्याबरोबरच पाठाच्या आराखड्याचा मोठा भागही वर्गाबाहेर, पुस्तक लिहिणाऱ्याच्या टेबलावर गेला.

८/२५
१८५४ चा वुडचा खलिता हा पुढचा टप्पा. त्यानुसार प्रांतोप्रांती शिक्षण खाते, शाळा तपासणारे अधिकारी, खासगी शाळांना अनुदान आणि शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल अशी रचना सुचवली गेली. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये खाते सुरू झाले आणि सी. जे. अर्स्किन पहिले संचालक झाले. आता शाळेत एक नवी व्यक्ती आली : तपासनीस. वर्षातून कधीतरी घोड्यावरून किंवा बैलगाडीतून येणारा, हजेरीपट पाहणारा, चार प्रश्न विचारून शेरा लिहिणारा. शिक्षकाची भाकरी त्या शेऱ्यावर अवलंबून राहू लागली.

९/२५
या भीतीला पैशांचे गणित जोडले गेले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये 'रिव्हाइज्ड कोड' आला : मुले तपासनिसासमोर जितकी उत्तीर्ण होतील, त्या मानाने शाळेला अनुदान. मुंबई इलाख्यानेही त्याच दशकात अनुदानित शाळांसाठी 'निकालानुसार अनुदान' हे तत्त्व उचलले. हेतू चांगला होता : सरकारी पैसा वाया जाऊ नये. परिणाम असा झाला, की तपासणीच्या दिवशी काय विचारले जाईल, यावरून वर्षभराचा पाठ ठरू लागला. जे मोजता येत नाही ते शिकवणे महाग पडू लागले.

१०/२५
या पार्श्वभूमीवर १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन वाचावे. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी सर्वश्रुत आहे. पाठनियोजनाच्या इतिहासात मात्र त्यांचे दुसरे म्हणणे अधिक मोलाचे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही असे. ते प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पोटापुरते वेतन मिळावे. खेड्यातला अभ्यासक्रम शहरातल्याहून आटोपशीर, पण तितकाच व्यवहारोपयोगी असावा.

११/२५
फुल्यांच्या या मागणीत पाठ आखण्याच्या अधिकाराविषयीचा एक स्पष्ट विचार आहे. मुलाचे घर, शेत, अवजार ज्याला माहीत आहे, त्यालाच त्या मुलासाठी काय निवडायचे हे कळेल. पुस्तक कितीही चांगले असले तरी ते ही निवड करू शकत नाही, आणि घोड्यावरून आलेला तपासनीस तर नाहीच नाही. शिक्षक कोण, त्याचे वेतन किती आणि अभ्यासक्रम कोणाच्या गरजेचा, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. पुढच्या शंभर वर्षांत खात्याने ते अनेकदा सुटे सुटे हाताळले, आणि तिथेच टाचणाची वही मुलापासून दूर सरकत गेली.

१२/२५
१९०४ मध्ये कर्झनच्या काळातील शैक्षणिक धोरणाच्या ठरावाने निकालानुसार अनुदानाच्या पद्धतीबद्दल प्रतिकूल मत दिले आणि शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला. १९०६ मध्ये मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय उघडले. अशा महाविद्यालयांतून एका जर्मन तत्त्वज्ञाचे नाव मराठी शिक्षकांच्या ओठांवर रुळले : योहान फ्रीडरिश हर्बार्ट. मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या कल्पनांशी नवे ज्ञान जोडले, तरच ते टिकते, हे त्याचे सूत्र. १८४१ मध्ये तो वारला. त्याच्या विचाराला ठरावीक पायऱ्यांचे रूप दिले ते त्सिलर आणि राइन या अनुयायांनी.

१३/२५
प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. मराठी अध्यापकवर्गात ही 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून प्रसिद्ध झाली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बी.एड. आणि डी.एड. विद्यार्थ्यांनी सराव पाठांच्या वह्या याच साच्यात भरल्या. नवख्याला या पायऱ्यांचा आधार मिळाला, हे खरे. पण मुलाला आधी काय ठाऊक आहे, हा हर्बार्टचा मूळ प्रश्न 'प्रस्तावनेचे तीन प्रश्न' एवढ्यात आटला. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाला पायऱ्या मोजणे सोपे होते. मुलाच्या मनातली आधीची कल्पना मोजणे अवघड होते. सोपे तेवढे मोजले गेले.

१४/२५
साच्याविरुद्धची दोन मोठी बंडेही महाराष्ट्रातच झाली. पहिले वर्ध्याचे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने 'नई तालीम'चा अभ्यासक्रम तयार केला. तिचा गाभा 'समवाय' : हस्तोद्योगाभोवती विषय गुंफायचे. टकळीवरच्या तारा मोजताना गणित, कापूस कुठे पिकतो यातून भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. अशा पाठाला तयार टाचण चालत नाही. त्या दिवशी किती सूत निघाले, त्यावर उद्याचा हिशेब ठरतो. शिक्षकाकडून तिने फार मोठी तयारी मागितली, आणि ती करून घेणारे प्रशिक्षण सर्वत्र पोहोचले नाही. योजना मागे पडण्याच्या कारणांत हेही एक कारण होते.

१५/२५
दुसरे बंड जुन्या ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्याच जिल्ह्यातले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (२०१४ च्या जिल्हा विभाजनानंतर हा भाग पालघर जिल्ह्यात येतो.) मॉन्टेसरीची महागडी साधने वारली पाड्यात कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पाने, गारगोट्या हीच साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

१६/२५
कुरणशाळेच्या शिक्षकाचे नियोजन कसे असेल, याची कल्पना करून पाहावी. गुरे कोणत्या बाजूला वळली आहेत, पाऊस आहे की ऊन, आज किती मुले मोकळी आहेत : पाठाच्या आधीचे हे तीन प्रश्न कोणत्याही छापील रकान्यात नसतात. ताराबाई आणि अनुताईंनी पाठ आखण्याची सुरुवात अभ्यासक्रमापासून न करता मुलाच्या दिवसापासून केली. फुल्यांनी आयोगापुढे जे शब्दांत मांडले होते, ते इथे प्रत्यक्षात उतरले. सरकारी यंत्रणेने 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना घेतली. पाठ आखण्याचे एवढे स्वातंत्र्य मात्र नेहमीच्या शाळेतल्या शिक्षकाला मिळाले नाही.

१७/२५
दरम्यान कल्याणजवळची भूमी बदलत होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधी मुलांना कोणत्या लिपीत शिकवायचे, अरबी वळणाच्या की देवनागरी, हा वाद दीर्घकाळ चालला. सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला तो १९६७ मध्ये. अंबरनाथला काड्यापेटीचा आणि दारूगोळ्याचा कारखाना होता. पुढे औद्योगिक वसाहती आल्या आणि देशभरातून कामगार आले. अशा वर्गात एकच प्रस्तावना सर्वांना लागू पडत नाही. घरी सिंधी, भोजपुरी, कन्नड किंवा मराठी बोलणाऱ्या मुलांच्या मनातला 'आधीचा' शब्दच वेगळा असतो.

१८/२५
पण व्यवस्थेची दिशा एकरूपतेची होती. २७ जानेवारी १९६७ रोजी 'बालभारती', म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, स्थापन झाले. स्वस्त, नेटकी आणि राज्यभर सारखी पुस्तके मिळाली, हे उपकार मोठे. त्याच सुमारास बेंजामिन ब्लूम यांचे १९५६ मधील उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रशिक्षण महाविद्यालयांत स्थिरावले. टाचणात 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' असे रकाने आले. पंचपदीच्या जागी उद्दिष्टे आली तरी वहीचा वाचक बदलला नाही. ती वाचणार होते ते मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी.

१९/२५
२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टातली एक ओळ फारशी चर्चिली जात नाही. शिक्षकाचे आठवड्याचे किमान काम ४५ तास, आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ४५ तासांतले सुमारे २१ तास उरतात. वह्या तपासणे, साहित्य बनवणे, उद्याचा विचार करणे यांसाठी कायद्याने वेळ मान्य केला आहे. पाठाची तयारी ही शिक्षकाची खासगी हौस नाही. ती कामाच्या तासांतली बाब आहे.

२०/२५
प्रत्यक्षात ते तास कुठे जातात, हे कोणत्याही शिक्षककक्षात ऐकायला मिळते. कायद्याचे कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका तेवढ्या अपवाद. शिवाय ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, प्रशिक्षणे, अहवाल, छायाचित्रे. मग रात्री उशिरा मागच्या वर्षीच्या वहीतून यंदाच्या वहीत टाचण उतरवले जाते. बाजारात तयार टाचणांच्या पुस्तिका आणि पीडीएफ मिळतात, त्या याचमुळे. कृत्रिम बुद्धिमत्ता येण्यापूर्वीच टाचण शिक्षकाच्या विचारापासून तुटले होते. यंत्राने ती तूट निर्माण केलेली नाही. ती लख्ख दाखवली आहे.

२१/२५
तंत्रज्ञान शिक्षकाच्या हाती राहिले की काय होते, याचेही उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांच्या लक्षात आले, की पाठ्यपुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत नाही. मुलांची मातृभाषा कन्नड आहे. त्यांनी पुस्तके त्या भाषेत आणली आणि पानांवर क्यूआर कोड टाकून ध्वनी, चित्रफिती, स्वाध्याय जोडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. इथे कोड दुय्यम होता. मुलांना कोणती भाषा समजते, हे ओळखणे ही पाठाची खरी आखणी होती, आणि ती वर्गात उभ्या असलेल्या माणसाने केली.

२२/२५
नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. २०२३ मध्ये कर्नाटकातील सरकारी शाळांसाठी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने आणि 'शिक्षणा फाउंडेशन'ने 'शिक्षा कोपायलट' हे साधन चाचणीला आणले. ते राज्याच्या अभ्यासक्रमाला धरून कन्नड आणि इंग्रजीत पाठ आखून देते. जून २०२४ मध्ये गूगलचे जेमिनी ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांत उपलब्ध झाले. याविषयीची एक काटेकोर चाचणी इंग्लंडमध्ये झाली : ६८ शाळांतील २५९ विज्ञान शिक्षकांपैकी ज्यांनी मार्गदर्शिकेसह चॅटजीपीटी वापरले, त्यांचा तयारीचा वेळ आठवड्याला सुमारे ८१ मिनिटांवरून ५६ मिनिटांवर आल्याइतका फरक दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिसला. तज्ज्ञांनी पाठ तपासले, तेव्हा दर्जात लक्षणीय फरक आढळला नाही.

२३/२५
आठवड्याला २५ मिनिटे. थट्टा करण्याजोगा हा आकडा नाही. साठ मुलांच्या वर्गात वर्षभरात त्यातून बरेच काही उभे राहील. पण ही २५ मिनिटे कोणाची? निकालानुसार अनुदानाच्या काळातला तपासनीस, पंचपदीच्या पायऱ्या मोजणारा निरीक्षक आणि आजचा पोर्टलवर अपलोड मागणारा कार्यालयीन संदेश हे एकाच कुळातले. टाचण मिनिटात होते असे कळले, की अधिक लांब, अधिक रकान्यांचे, रोज अपलोड करायचे टाचण मागणे फार सोपे. तिकडे ते तपासायलाही यंत्रच बसेल. एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याने वाचायचे आणि मधल्या वर्गात काय घडले याची नोंद कुठेच नाही, अशी अवस्था कल्पनेतली राहिलेली नाही.

२४/२५
पुन्हा आनंदनगरच्या परिसरात येऊ. घटक 'नदी'. यंत्र उगम, मुख, खनन, वहन, संचयन हे नीट मांडते, एक आकृती सुचवते, पाच प्रश्न देते. भाषांतरित वाटणारी चार वाक्ये सुधारली की टाचण तयार. पण अंबरनाथच्या मुलांची नदी वालधुनी आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराला लागून ती वाहते. पुढे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी घेऊन उल्हासनगरातून जाते. बदलापूरच्या मुलांची नदी उल्हास आहे; जुलै २०१९ च्या पुरात याच परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेस प्रवाशांसह अडकली होती. ज्याच्या घरात तेव्हा पाणी शिरले, त्या मुलापुढे 'नदीचे उपयोग' कुठून सुरू करायचे? हे यंत्राला सांगावे लागते. सांगणाऱ्याला आधी ते ठाऊक असावे लागते.

२५/२५
म्हणून यंत्राने आकृती, प्रश्नसंच, सोप्या भाषेतला उतारा करून द्यावा. पंतोजींच्या धूळपाटीपासून बालभारतीपर्यंत प्रत्येक साधनाने शिक्षकाचे काही श्रम घेतलेच आहेत. बदल हवा तो वहीच्या मागणीत. टाचणाची लांबी कमी करावी, आणि एक रकाना शिक्षकाच्या हस्ताक्षरात ठेवावा : काल कोणाला काय कळले नाही, आणि आज त्यासाठी काय बदलले. तपासायला येणाऱ्याने तेवढेच वाचावे. वाचलेली २५ मिनिटे कायद्याने मान्य केलेल्या पूर्वतयारीच्या तासांत जमा व्हावीत, नव्या अहवालात नव्हे. फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षकाची ओळख, वेतन आणि अभ्यासक्रम हे प्रश्न एकत्र मांडले होते. त्यात आता शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न जोडायला हवा. (समाप्त)